एका रात्रीत संपणारी साहसं

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये तयार, छापील साहसांकडे, म्हणजे खेळण्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या गोष्टींकडे, जरा नाक मुरडूनच बघितलं जातं. खऱ्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, स्वतःचं जग उभं करावं, स्वतःचे देव, नकाशे, राजघराणी लिहावीत, आणि छापील मॉड्यूल म्हणजे घरच्या स्वयंपाकाऐवजी मागवलेला डबा, असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. मला ते अजिबात पटत नाही. पुण्यात आमच्या घरी मी जो गट चालवते तो इतकी वर्षं टिकला तो छोट्या, तयार, एका रात्रीत संपणाऱ्या साहसांवरच. ती चालवायलाही अक्कल आणि मेहनत लागते, आणि ती मेहनत नेमकी कुठे लागते हे मला हळूहळू कळत गेलं.

आमच्या टेबलावर पाच जण बसतात. माझी मामेबहीण, जिला मी ताई म्हणते, आणि तिचा नवरा. भाऊजी वकील आहेत. ऑफिसातली एक मैत्रीण, मूळची सांगलीची. समोरच्या फ्लॅटमधले काका, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला नातू. बोलावलं होतं खरं तर नातवाला. काका त्याच्याबरोबर दारापर्यंत आले, उभ्या उभ्या थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मलाही एक कागद द्या बरं." कागद म्हणजे ज्यावर आपल्या पात्राची, कॅरेक्टरची, माहिती असते तो. तेव्हापासून पुरोहिताचं कॅरेक्टर त्यांचं.

या पाच जणांना दर आठवड्याला एकत्र आणणं अशक्य आहे. ताईच्या मुलाच्या परीक्षा असतात, मैत्रिणीची रात्रपाळी असते, भाऊजींना कधी दुसऱ्या गावच्या कोर्टात जावं लागतं. लांबलचक कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीला, तीच पाच माणसं सातत्याने लागतात. एक जण आला नाही की गोष्ट अडते, आणि दोन-तीन आठवडे अडली की जादूगाराने ती अंगठी नक्की कोणाकडून घेतली होती हे कोणालाच आठवत नाही. याउलट जे साहस संध्याकाळी सातला सुरू होऊन अकराच्या आत संपतं, त्याला मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. आलेली माणसं एक अख्खी गोष्ट जगून घरी जातात.

ठरल्या वेळेत संपणं हे या लेखनात पहिल्यापासून मुरलेलं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. लगेच पुढच्या वर्षी, १९७५च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात गायगॅक्सने 'टूम ऑफ हॉरर्स' स्पर्धेसाठी चालवलं. वेगवेगळे गट एकच साहस एकाच मुदतीत खेळणार आणि कोण किती लांब जातं ते बघणार, अशी ती रीत. त्यासाठी सगळ्या डीएमच्या हातात एकच लिखित मजकूर हवा. हे साहस १९७८ साली छापून आलं. १९७९मध्ये 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' लिहिलं गेलं, ते नव्या डीएमला शिकवण्यासाठी, आणि ते खेळाच्या बेसिक पेटीतच दिलं जाऊ लागलं. १९८६पासून 'डंजन' नावाचं मासिक तर अशाच साहसांना वाहिलेलं होतं. सांगायचा मुद्दा हा की या खेळाची निम्मी विद्या छोट्या साहसांच्या पानांत साठलेली आहे. ती बाजूला ठेवून प्रत्येकाने शून्यापासून सुरुवात का करावी?

साहस निवडताना मी शेवट आधी वाचते. शेवटच्या खोलीत काय घडायचं आहे आणि ते खेळाडूंच्या हातून घडतं की त्यांच्यादेखत दुसरंच कोणी घडवतं, हे बघते. शेवटी एखादा थोर जादूगार येऊन सगळं मार्गी लावणार असेल तर ते साहस मी बाजूला ठेवते, बाकीचं कितीही सुंदर असो. मग लढाया मोजते. पाच खेळाडू असले की आमच्याकडे एका लढाईला पाऊण तास सहज जातो. चार तासांत दोन लढाया बसतात, तिसरी ओढूनताणून. छापील साहसात सहा-सात लढाया असतील तर त्यातल्या कोणत्या गळतील हे मी आधीच ठरवते. पूर्वकथा मात्र शेवटी वाचते. ती बऱ्याचदा दोन-तीन पानांची असते आणि त्यातलं बहुतेक खेळाडूंना कधीच कळणार नसतं. तीनशे वर्षांपूर्वी कोणत्या राजाने कोणाला शाप दिला ते असू द्या. त्या पूर्वकथेतलं एखादं वाक्य कोणाच्या तरी तोंडून टेबलावर येऊ शकतं का, एवढंच मी शोधते.

आणि सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो एका अर्ध्या कागदावर. साहसात जी जी बोलती पात्रं आहेत त्यांची नावं एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकापुढे त्याला काय हवंय ते. खोल्यांची वर्णनं, सापळ्यांचे आकडे, खजिन्याची यादी पुस्तकात असतेच, वेळ आली की पान उघडता येतं. पण समोरच्या गॉब्लिनला, म्हणजे खेळातल्या त्या छोट्या दुष्ट राक्षसाला, काय हवंय हे मला पाठ नसेल, तर खेळाडू अनपेक्षित काही बोलले की माझ्यापाशी उत्तर नसतं. मग मी नकळत त्यांना लढाईकडे ढकलते, कारण लढाईचे नियम तरी छापलेले असतात.

हे सगळ्यात चांगलं दिसतं ते नवख्यांसाठीच्या २०१४च्या स्टार्टर सेटमधल्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'च्या पहिल्या भागात. पूर्ण साहस पहिल्या ते पाचव्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) जातं, त्याला महिने लागतात. पण पहिला भाग, म्हणजे रस्त्यावरचा हल्ला आणि क्रॅगमॉ टोळीची गुहा, हा एका रात्रीत बसवता येतो. पेटीत पाच तयार कॅरेक्टर आहेत आणि आम्ही नेमके पाच. काकांना ड्वार्फ पुरोहित, नातवाला एल्फ जादूगार, ताईला हाफलिंग रोग, म्हणजे चोर, भाऊजींना खानदानी योद्धा, मैत्रिणीला तिरंदाज. ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग या खेळातल्या माणसांसारख्या जमाती.

मूळ गोष्ट अशी की गुंड्रेन नावाचा ड्वार्फ खेळाडूंना सामानाची गाडी फँडॅलिन गावी पोचवायला सांगतो आणि स्वतः सिल्डार नावाच्या सोबत्याबरोबर पुढे निघतो. वाटेत दोघांनाही गॉब्लिन पकडतात. सिल्डार गुहेत सापडतो, पण गुंड्रेनला तोवर दूरच्या किल्ल्यावर नेलेलं असतं, म्हणजे त्याची सुटका पुढच्या भागात. एका रात्रीच्या खेळाला हे चालत नाही. म्हणून मी सिल्डारला गोष्टीतून काढलं आणि त्याच्या जागी, त्याच गुहेत, त्याच कड्यावर, गुंड्रेनलाच बांधून ठेवलं. एवढ्या एका बदलाने सगळं जुळून आलं. काकांच्या कॅरेक्टरच्या कागदावर छापलेलंच आहे की गुंड्रेन हा त्याचा चुलतभाऊ.

दुसरा बदल मैत्रिणीसाठी केला. नवीन साहस सुरू करण्याआधी मी सगळ्यांना विचारते की खेळात काय नको आहे. चिठ्ठीवर लिहा किंवा मला एकटीला सांगा, कारण सांगायची गरज नाही. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेलं एक्स-कार्डही टेबलावर असतं, खेळताना काही सोसवेना तर त्याला बोट लावायचं आणि तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं. मैत्रिणीने मला आधीच सांगितलं होतं की २०१९च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा पुराचं काही नको. आणि या गुहेत नेमका तोच सापळा आहे: वरच्या अंगाला दोन कुंडं, गॉब्लिनांनी बांध फोडला की झऱ्यातून चालणाऱ्यांवर पाण्याचा लोंढा येतो. मी कुंडं काढून टाकली. झरा घोट्याएवढा ठेवला आणि वरच्या काठावर गॉब्लिनांनी दगड रचून ठेवलेत असं केलं. सापळ्याचं काम तेच, खेळाला कुठेही उणेपणा नाही.

चौकटीतला मजकूर, म्हणजे डीएमने मोठ्याने वाचावा म्हणून दिलेला परिच्छेद, मी वाचून दाखवत नाही. पुस्तकातलं वाचायला लागलं की माणसं पापडाच्या ताटलीकडे वळतात. मी तो आदल्या रात्री वाचते आणि त्यातून काय दिसतं, काय ऐकू येतं आणि आत्ता काय चाललंय एवढं घेऊन आपल्या बोलीत सांगते. "वळणावर रस्त्यात दोन घोडे मरून पडलेत. अंगात काळ्या पिसांचे बाण आहेत. दोन्ही बाजूंना झाडी अगदी रस्त्यापर्यंत आलीय." एवढंच. बैलांची गाडी पुस्तकातच आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळे पहिल्या मिनिटापासून बैलांच्या काळजीत होते. ताईने गाडीवरून उतरण्याआधी विचारलं, "बैल बुजलेत का?" आणि मला कळलं की सगळे जण आता त्या रस्त्यावर आहेत.

झाडीतल्या चार गॉब्लिनांशी झालेली लढाई ही त्या रात्रीची एकमेव पूर्ण लढाई. गॉब्लिन म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या, आमची माणसं पांढऱ्या, आणि गुहेतल्या सरदारासाठी राणी राखून ठेवलेली. पहिल्या लेव्हलला चार गॉब्लिनही भारी पडू शकतात. एकेकाला ७ हिट पॉइंट (किती मार सोसता येईल त्याचा आकडा) असतात पण तो लपून बाण मारतो, आणि नातवाच्या जादूगारात तसा जीव कमीच. दोन पडल्यावर उरलेले मी पळवले. शत्रू शेवटपर्यंत लढतोच असं नाही, त्यालाही जीव प्यारा असतो, आणि पळणाऱ्याच्या मागे गेलं की गुहा आपोआप सापडते.

गुहेत कोणाला काय हवंय ते माझ्या कागदावर असं होतं. क्लार्ग, गुहेचा सरदार, बगबेअर, म्हणजे गॉब्लिनांचा थोराड, केसाळ भाऊबंद: लोकांनी आपल्याला मोठा सेनापती मानावं. यीमिक, त्याच्या हाताखालचा गॉब्लिन: क्लार्गची जागा. साखळीने बांधलेले लांडगे: खायला. गुंड्रेन: जिवंत सुटका, पण त्याला ठाऊक असलेल्या हरवलेल्या खाणीचं गुपित कोणाला न सांगता. ही सगळी माणसं, त्यांची हाव, त्यांचा अहंकार लेखकांनी पुस्तकातच ठेवलेला आहे. क्लार्ग स्वतःबद्दल बोलतानाही स्वतःचं नाव घेऊन बोलतो हेसुद्धा पुस्तकातलं, आणि मराठीत ते विलक्षण शोभतं. "क्लार्गला कोणी उठवलं? क्लार्ग झोपलेला नव्हता. क्लार्ग विचार करत होता."

लांडग्यांपाशी मैत्रिणीने शिदोरीतलं मांस टाकलं. पुस्तकात याची सोय आहे, खायला दिलं की त्यांना शांत करणं सोपं जातं. तिने फासा टाकला, जमलं, आणि आम्ही पुढे गेलो. पुलावरचा पहारेकरी मी गाळला. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

मग आला तो कडा. गॉब्लिनांच्या राहायच्या गुहेत दहा फूट उंचीचा एक ओटा आहे. त्याच्या अगदी काठावर यीमिक उभा, आणि त्याच्या हातात दोरी, दोरीला गुंड्रेन. खाली चुलीभोवती बाकीचे गॉब्लिन.

"एक पाऊल पुढं टाकलंत तर हा खाली," मी यीमिकच्या आवाजात म्हटलं.

काका खुर्चीत सरळ बसले. "त्याला आधी पाणी पाज," ते म्हणाले. "बोलू मग."

भाऊजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुझ्या अटी सांग. एकेक करून सांग."

यीमिकची अट एकच: पलीकडच्या गुहेत जाऊन क्लार्गचं डोकं आणा, मग हा तुमचा.

"आणि डोकं आणल्यावर हा सोडशील याची हमी काय?"

हा प्रश्न भाऊजी विचारतील हे मला माहीत होतं, कारण ते रोज तेच करतात. यीमिक शब्द पाळणारा नाही, डोकं मिळालं की वर खंडणी मागणार, हेही पुस्तकात लिहिलेलं आहे. मी यीमिकला शपथ घ्यायला लावली. ताई म्हणाली, "मला याचं तोंड बघायचंय, खरं बोलतोय का," आणि तिचा वीस बाजूंचा फासा सतरावर थांबला.

"तो तुमच्याकडे बघून बोलतोय," मी सांगितलं, "पण बोलता बोलता दोरीचा आणखी एक वेढा त्याने मनगटाला घेतला."

टेबलावर कोणी काही बोललं नाही. मग मैत्रीण हळूच म्हणाली, "क्लार्गला माहितीये का, हा काय मागतोय ते?"

इथून पुढचं साहस पुस्तकात नाही, पण पुस्तकातून निघालेलं आहे. भाऊजी आणि काका यीमिकला बोलण्यात गुंतवून ठेवायचे, आणि ताई व मैत्रीण मागच्या फटीतून क्लार्गकडे जायच्या, असं ठरलं. मला काहीही नव्याने रचावं लागलं नाही. क्लार्गला मान हवा होता. मैत्रीण त्याच्यापुढे वाकून म्हणाली, "सरदार, तुमच्याच माणसाने आमच्याकडे तुमचं डोकं मागितलंय. आम्हाला वाटलं आधी तुम्हाला विचारावं." एवढं आदबशीर बोलल्यावर मी तिला दोन फासे दिले आणि त्यातला मोठा धरायला सांगितलं. क्लार्ग उठला.

तो गुहेत शिरला तेव्हा गॉब्लिनांची जी अवस्था झाली ती मी सावकाश सांगितली, कारण त्या रात्रीचा खरा कळस तोच होता. इकडे त्यांचा सरदार, तिकडे त्यांनी ज्याच्याबरोबर कट केला तो, आणि मध्ये हे पाच अनोळखी. "क्लार्गचं डोकं कोणाला हवंय?" नातवाने तेवढ्यात स्लीप, म्हणजे झोपवायची जादू, टाकली. आठ बाजूंचे पाच फासे, बेरीज २२, म्हणजे तेवढ्या हिट पॉइंटपर्यंतचे झोपणार. सातसात हिट पॉइंटचे तीन गॉब्लिन आडवे, एक शिल्लक. तो एक पळाला. काका दोरी धरून कड्यावर चढले आणि भावाच्या गाठी सोडायला लागले. क्लार्ग आणि यीमिक यांची झटापट मी फाशांनी खेळले नाही. दोन शत्रू आपसात लढतात तेव्हा डीएमने एकटीने फासे टाकत बसू नये, खेळाडूंना बघत बसावं लागतं. दोन वाक्यांत यीमिक खाली पडला.

आणि मग क्लार्ग खेळाडूंकडे वळला, कारण ज्यांनी आपला अपमान होताना पाहिला त्यांना सोडणारा तो नाही. त्याच्या गदेचा फटका म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे अधिक २. काकांच्या पुरोहिताला ११ हिट पॉइंट. फटका बसला १३चा. काकांनी कागदावर शून्य लिहिलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"आजोबा, अजून मेला नाहीयेत," नातू म्हणाला. "तुमची पाळी आली की वीसचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं की तुम्ही तगून आहात."

सगळे उभे राहिले होते. मीही. आला चौदा.

पुढच्या पाळीला मी गुंड्रेनकडून खेळले. ज्याला सोडवायला आले होते त्याने आपल्या भावाला काखेत धरून बाहेर ओढलं, ताईने मागून धुराची मशाल चुलीत भिरकावली, भाऊजी दारात आडवे उभे राहून क्लार्गशी बोलत बोलत मागे सरकत गेले. शेवटी भाऊजींनी त्याच्याशी सौदा केला: यीमिक मेला, गुहा तुझी, तू जिंकलास हे आम्ही फँडॅलिनमध्ये सगळ्यांना सांगू. क्लार्गला तेच हवं होतं. माझ्या कागदावर पहिल्या ओळीत ते लिहिलेलं होतं. त्याने त्यांना जाऊ दिलं.

पावणेअकराला गाडी फँडॅलिनला पोचली. प्रत्येकी दहा मोहरा ठरलेल्या होत्या. काकांनी घ्यायला नकार दिला, भावाकडून कसले पैसे घ्यायचे म्हणून, आणि त्यावर भाऊजींनी त्यांना समजावलं की ठरलेला मेहनताना भावाकडूनही घ्यायचा असतो, नाहीतर पुढच्या वेळी भाऊ बोलवायला संकोचतो. यावर बराच वेळ बोलणं झालं. ते मी थांबवलं नाही, लढाई गाळून जो वेळ वाचवला होता तो याचसाठी.

लोक विचारतात की छापील साहसात खेळाडूंना स्वातंत्र्य कुठे असतं. त्या रात्री आमच्या गटाने जे केलं ते पुस्तकातल्या कोणत्याही परिच्छेदात नाही, पण एकही क्षण पुस्तकाच्या बाहेर गेलेला नाही. चांगल्या छोट्या साहसाचा लेखक खोल्या लिहिताना त्यात एकमेकांच्या आड येणाऱ्या इच्छा पेरून ठेवतो. डीएमने त्या शोधून पाठ केल्या की खेळाडू कुठूनही आले तरी रस्ता सापडतो. हे काम कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलं आहे, अनेक टेबलांवर ते तपासलं गेलं आहे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

अर्थात सगळीच साहसं इच्छांवर चालत नाहीत. 'कँडलकीप मिस्टरीज' या २०२१च्या संग्रहात १७ साहसं आहेत, प्रत्येक एका पुस्तकाभोवती गुंफलेलं. त्यातलं पहिलं आम्ही खेळलो. एका जादूच्या वाड्यात माणसं अडकतात आणि बाहेर पडायचा शब्द त्यांना वाड्यातल्या पुस्तकांमधून अक्षर अक्षर गोळा करावा लागतो. इथे धोका वेगळा असतो: एखादं अक्षर कोणाला दिसलंच नाही तर सगळी रात्र तिथेच अडकते. अशा खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम इथे कामी येतो. जे कळणं अत्यावश्यक आहे त्याच्याकडे नेणारे निदान तीन धागे ठेवायचे. एक खेळाडूंच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते वेगळाच अर्थ लावतात, तिसरा लागतो. मी अक्षरांचे कागदी तुकडे करून ठेवले आणि प्रत्येकाला आणखी दोन वाटा दिल्या, एखादं वाड्यातल्या नोकराच्या बोलण्यात, एखादं भिंतीवर. त्या रात्री काकांनी सगळे तुकडे स्वतःपुढे ओढून घेतले आणि पोस्टात चाळीस वर्षं टपाल लावल्याच्या हाताने ते भराभर लावत-मोडत राहिले. शब्द त्यांनीच लावला.

आणखी एका साहसाबद्दल सांगायला हवं. 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या २०२२च्या संग्रहात १३ साहसं आहेत, त्यातलं 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्ष' मूळच्या बंगालच्या मिमी मंडल यांनी लिहिलेलं आहे. शंखभूमी नावाचा नद्यांचा प्रदेश, नावं आपल्या कानाची, माणसं आपल्या ओळखीची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. इतकी वर्षं युरोपातल्या सरायांमध्ये आणि किल्ल्यांमध्ये खेळल्यावर एका छापील मॉड्यूलमध्ये आपल्याकडची नदी भेटली होती. पण त्या गोष्टीत पाणी जागोजाग आहे, म्हणून मैत्रिणीला आधी सगळं सांगितलं. तिने काही दिवस घेतले आणि म्हणाली, खेळू, फक्त कोणाच्या घरात पाणी शिरल्याचं वर्णन नको. तेवढी मर्यादा पाळून आम्ही खेळलो आणि नदीशी बोलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकमताने तिलाच पुढे केलं. ते नवव्या लेव्हलचं आहे, म्हणजे प्रत्येकाच्या कागदावर दीड पान ताकदी. नवख्यांसाठी मी त्यातल्या लागतील तेवढ्याच निवडून मोठ्या अक्षरात छापून दिल्या. इतक्या वरच्या लेव्हलचं एका रात्रीत बसवणं जड जातं, हे मी कबूल करते, आणि तरी ते परत चालवीन.

घड्याळाचा एक नियम मात्र मी कधीच मोडत नाही. सव्वादहा वाजले की गट कुठेही असो, शेवटचा प्रसंग सुरू होतो. मधल्या खोल्या आपोआप मागे पडतात. हवं तर शत्रूच चालत त्यांच्याकडे येतो. खेळाडूंना यात काही गाळलं गेल्याचं कळत नाही, कारण न पाहिलेल्या खोलीची रुखरुख कोणाला नसते. अर्धवट राहिलेला शेवट मात्र लोक लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वेळी यायला टाळाटाळ करतात.

आता नातू स्वतः डीएम व्हायचं म्हणतो. त्याने 'द सनलेस सिटाडेल' निवडलं आहे, ब्रूस कॉर्डेल यांचं, २००० साली आलेलं, नंतर २०१७मध्ये सात जुन्या साहसांच्या संग्रहात पुन्हा छापलेलं. जमिनीत गडप झालेल्या किल्ल्यात मीपो नावाचा एक कोबोल्ड, म्हणजे सरड्यासारखा बुटका जीव, मोडक्या रिकाम्या पिंजऱ्याशेजारी रडत बसलेला असतो, कारण त्याच्या टोळीचं ड्रॅगनचं पिल्लू गॉब्लिनांनी पळवलं आहे. पूर्ण साहस एका रात्रीत संपणारं नाही, म्हणून नातवाने फक्त पिल्लाचा शोध घ्यायचं ठरवलं आणि खालचा मजला सोडून दिला. परवा तो अर्धा कागद घेऊन आला. मीपोपुढे लिहिलं होतं: पिल्लू परत. गॉब्लिनांपुढे: पिल्लाचा धाक. कोबोल्डांच्या म्होरक्यापुढे: आपला गेलेला मान. आणि पिल्लापुढे त्याने काहीतरी लिहून खोडलं होतं. मी त्याला विचारलं, पिल्लाला काय हवंय? म्हणाला, ते मी ठरवलंय, पण तू खेळणार आहेस ना, तुला नाही सांगणार. ताई तिरंदाज घेणार आहे, मी रोग, आणि पुरोहित कोणी घ्यायचा नाही असं काकांनी बजावून ठेवलं आहे.